मदत हवी आहे: प्रणालीने घराचा अर्ज फेटाळला, कोलोरॅडोच्या एआय कायद्याचा उपयोग होईल का?

निवारा_शोध (नोव्हेंबर २०२५)
डेन्व्हरमध्ये भाड्याच्या घरासाठी केलेला माझा अर्ज फेटाळला गेला. पत्रात कारण म्हणून 'गुणांक किमान मर्यादेपेक्षा कमी' एवढेच आहे आणि कार्यालयात विचारले, तर निर्णय अर्जदारांना गुण देणाऱ्या संगणक प्रणालीचा असल्याने आमच्या हाती काही नाही, असे उत्तर मिळाले. कोलोरॅडोने यासाठीच कायदा केला आहे ना? दाद कुठे मागायची? शुक्रवारी सध्याचे घर सोडायचे आहे.

कलम_पोटकलम
त्या एआय कायद्यावर (एसबी २४-२०५) कोलोरॅडोचे राज्यपाल जॅरेड पोलिस यांनी मे २०२४ मध्ये सही केली, पण त्याचा अंमल १ फेब्रुवारी २०२६ वरून ३० जून २०२६ वर ढकलला गेला आहे. आज त्याचा आधार घेता येणार नाही. गुणांक कोणत्या कंपनीने दिला?

रोखठोक
कंपनी कोणती का असेना, सरळ वकील गाठून खटला भरा.

कलम_पोटकलम
या कायद्याखाली नागरिकाला स्वतः खटला भरताच येत नाही. कारवाईचा अधिकार फक्त राज्याच्या महाधिवक्त्यांना आहे.

रोखठोक
मग तो ग्राहकाच्या काय कामाचा? माणसाकडून फेरतपासणीचा हक्क दिला, तोही 'तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्यास'. ही पळवाट आधी बुजवायला हवी.

दूरदृष्टी
युरोपीय संघाचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ मध्येच अमलात आला असून त्यात जोखमीनुसार वर्ग पाडलेले आहेत.

साधी_वाट
त्यांना घर हवे आहे, युरोपचा कायदा नव्हे. ताई, तुमच्यासाठी १९७० चा संघीय 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट' (लोकांच्या पत व पूर्वइतिहासाच्या अहवालांबाबतचा कायदा) आजही लागू आहे. अशा अहवालाच्या आधारे नकार दिला, तर तो देणाऱ्या कंपनीचे नाव-पत्ता कळवणे घरमालकाला बंधनकारक आहे आणि ६० दिवसांत मागितल्यास अहवाल मोफत मिळतो. पत्राचे दुसरे पान पाहिलेत का?

निवारा_शोध
पाहिले नव्हते; कंपनीचे नाव तिथेच होते. अहवाल आत्ताच हाती आला. माझ्या नावावर २०१९ मधला घर रिकामे करून घेण्याचा दावा दाखवला आहे, पण त्या वर्षी मी या देशातही नव्हते. आडनाव आणि आद्याक्षर जुळते, जन्मतारीख मात्र वेगळी आहे.

साधी_वाट
आजच लेखी हरकत नोंदवा आणि पारपत्रावरील प्रवेशाच्या शिक्क्याची प्रत जोडा. चौकशीला साधारण ३० दिवसांची मुदत असते, म्हणून तेच कागद घरमालकालाही द्या आणि निर्णय थांबवण्याची विनंती करा.

निवारा_शोध
हरकत पाठवली. कागद घेऊन उद्या सकाळी कार्यालयात जाते.