मदत हवी आहे: शाळा एक, कॅम्पस तीन, मुलं दोन. पुढच्या वर्षाचं कसं ठरवू? (ॲडलेड)

नमस्कार मंडळी,

शुक्रवारपर्यंत शाळेला फॉर्म द्यायचा आहे आणि गेले दहा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही. इथे ऑस्ट्रेलियातले बरेच पालक आहेत, काही शिक्षकही आहेत, म्हणून विचारते.

आमची लेक एका लुथरन (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) शाळेत पाचवीत आहे. शाळा एकच, मुख्याध्यापिका एकच, पण कॅम्पस तीन. टेकड्यांच्या बाजूचा जुना प्रायमरी, उत्तरेकडच्या नव्या वस्तीतला दुसरा प्रायमरी, आणि सातवीपासून सगळ्यांसाठी सीनिअर. लेक जुन्या कॅम्पसला जाते. धाकटा किंडीत (शाळेआधीच्या बालवाडीत) आहे, येत्या जूनमध्ये पाचाचा होईल.

भारतातल्या मंडळींसाठी सांगते. इथलं शाळेचं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं, चार टर्ममध्ये. साउथ ऑस्ट्रेलियात पहिलीच्या आधीच्या वर्गाला रिसेप्शन म्हणतात. १ मेच्या आत पाच पूर्ण झाले तर मूल जानेवारीत बसतं. त्यानंतरच्या वाढदिवसांसाठी सरकारी शाळांनी २०२४पासून जुलैचा प्रवेश पुन्हा सुरू केला, आणि काही खाजगी शाळाही तो देतात. जुलैत बसलेलं मूल चारऐवजी सहा टर्म रिसेप्शन करतं.

पुढच्या वर्षाच्या आखणीचं पत्र आलं, त्यात आमच्या शाळेनेही जुलैचा वर्ग काढलाय. पण फक्त नव्या कॅम्पसला. जुन्या ठिकाणी वर्गखोली शिल्लक नाही. शिक्षकांच्या नेमणुका आत्ताच करायच्या असल्यामुळे पालकांचं उत्तर त्यांना या टर्मलाच हवंय, ते मला समजतं.

आमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, धाकट्याला थांबवायचं आणि त्यापुढच्या जानेवारीत जुन्या कॅम्पसला घालायचं. कायद्याने सहाव्या वर्षापर्यंत थांबता येतं, पण किंडीचं त्याचं वर्ष जूनमध्ये संपतं, म्हणजे सहा महिने डेकेअरची फी. शिवाय तो शाळेत जाईल तेव्हा ताई सीनिअरला गेलेली असेल. दोन, त्याला जुलैत नव्या कॅम्पसला घालायचं आणि लेकीला आहे तिथेच ठेवायचं. दोन्ही कॅम्पसमध्ये १४ किलोमीटर आणि दोन्हीकडे घंटा पावणेनऊला! नवऱ्याची शिफ्ट सातला सुरू होते. तीन, लेकीलाच सहावीसाठी जानेवारीपासून नव्या कॅम्पसला हलवायचं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, जागा आहे, फक्त सांगा. मग दोन टर्म तरी दोघं एका फाटकातून आत जातील.

माझा जीव तिसऱ्या वाटेत अडकलाय, आणि का ते सांगते. लेकीने घरातल्या पॅसेजमध्ये जमिनीवर निळी टेप चिकटवलीय, ते शाळेचं फाटक. रोज संध्याकाळी धाकटा तिचं जुनं दप्तर पाठीला लावतो, ते त्याच्या गुडघ्यांच्या मागे आपटतं, आणि ती त्याचा हात धरून टेप ओलांडते. "इथे टोपी अडकवायची. टोपी नसेल तर मैदानात खेळायला मिळत नाही." तो मान डोलावतो. हे ती मार्चपासून करतेय. तिला कसं सांगू की तू तिथे नसशील?

शाळा बदला असं कुणी सुचवणार असेल तर आधीच सांगते, ते नको आहे. आम्ही लुथरन काय, ख्रिस्तीही नाही. प्रवेशाच्या वेळी मला धाकधूक होती, सासूबाईंना तर जास्तच. रोज सकाळी वर्गात छोटी प्रार्थना, आठवड्याला चॅपल (सगळ्यांची एकत्र प्रार्थनासभा), ख्रिश्चन स्टडीज हा विषय सगळ्यांना सक्तीचा. पण लेकीवर कुणी कधी काही लादलं नाही. दिवाळीला तिच्या बाईंनी तिला वर्गात रांगोळी काढायला लावली आणि स्वतः शेजारी बसून रंग भरले.

गेल्या वर्षी त्यांची सहल हानडॉर्फला गेली होती. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजाने सगळ्यांवर एकच उपासनापद्धत लादली, ती न मानणारे लुथरन १८३८मध्ये पास्टर काव्हेल यांच्याबरोबर इथे येऊ लागले. क्लेमझिग वसलं, पुढच्या वर्षी हानडॉर्फ, आणि त्यांच्या वस्त्यांमध्ये चर्चबरोबर शाळाही आली. मग पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून संशय, आणि १९१७मध्ये इथल्या सरकारने कायदा करून ४९ लुथरन शाळा बंद केल्या. गावांची नावंसुद्धा पुसली, हानडॉर्फचं ॲम्बलसाइड झालं, क्लेमझिगचं गाझा. लेकीने हे सगळं व्हिडिओ कॉलवर आजोबांना सांगितलं. सासरे नगरच्या मिशन शाळेत शिकलेले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "मग त्या पोरांनी काय केलं गं?" तेव्हापासून सासूबाईंचीही तक्रार नाही.

तर प्रश्न असे: कॅम्पस वेगवेगळे असताना दोन मुलांची ने-आण कशी जमवता? सहावीत कॅम्पस बदललेलं मूल कुणाच्या घरी आहे का, कसं गेलं? आणि जुलैच्या वर्गाचा अनुभव?

– सायली_ॲडलेड

पारिजात: ताई, आम्ही ब्रिस्बेनजवळ, आमचीही लुथरन शाळा, दोन कॅम्पस. ऑफिसला तीन गोष्टी लेखी विचारा. नव्या कॅम्पसला ओश (शाळेच्या वेळेआधी-नंतर मुलांना सांभाळायची सोय) सकाळी किती वाजता उघडतं आणि जुलैच्या मुलांना पहिल्या दिवसापासून घेतात का. दोन कॅम्पसमध्ये शाळेची बस आहे का आणि ती कितव्या वर्गापासून. आणि भावंडांची सवलत कॅम्पस वेगळे असले तरी मिळते का. आमच्याकडे ती मिळते, पण मागावी लागली होती. सीनिअरला जाणारी बस वाटेत प्रायमरीला थांबते हे मला दीड वर्षाने कळलं, तोवर रोज ४० मिनिटं गाडी चालवत होते.

घाटमाथा: मी प्रायमरीला शिकवतो, मेलबर्नला. मुलीला हलवू नका असं माझं स्पष्ट मत. सहावी म्हणजे प्रायमरीचं शेवटचं वर्ष. कॅप्टन, रिसेप्शनच्या मुलांचे बडी (मोठे सोबती), कॅम्प, निरोप, सगळं त्या वर्षात येतं. नव्या ठिकाणी ही कामं तिथल्या मुलांना पाचवीतच वाटून झालेली असतात. आणि सातवीत तिला पुन्हा बदल आहेच, म्हणजे १२ महिन्यांत दोनदा. धाकट्याच्या सहा टर्मची मात्र काळजी करू नका. जुलैचा वर्ग सहसा लहान असतो, आणि जानेवारीत नवी मुलं येतात तेव्हा हीच मुलं त्यांना नळ कुठे, टोपी कुठे ते दाखवतात.

रानजाई: सायली, एक विचारू? तिला विचारलंस का? पूर्ण सांगून, तिन्ही वाटा मांडून? पॅसेजमधली टेप वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिचं वर्ष आहे.

सायली_ॲडलेड: सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, नव्हतं विचारलं. तिला दुःख होईल म्हणून मीच टाळत होते.

काल रात्री भांडी पुसताना विचारलं. ती पटकन म्हणाली, "मी जाते त्याच्याबरोबर." मग कपाटात वाट्या लावत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मग चॅपलमध्ये सेलो वाजवायची माझी पाळी जाईल." सहावीची मुलं चॅपलला साथ करतात, ती दोन वर्षं त्याची वाट बघतेय. मला कळलं, आणि तिलाही कळलं असावं.

आज ऑफिसला जाऊन आले. नव्या कॅम्पसचं ओश साडेसहाला उघडतं आणि जुलैच्या मुलांना पहिल्या दिवसापासून घेतात. बस पाचवीपासून पुढे आहे, आमच्या कोपऱ्यावरच्या लायब्ररीपाशी थांबते. म्हणजे लेक बसने जाईल आणि धाकट्याला मी सोडेन. सवलत मिळणार आहे, त्यांनी तिथेच लिहून दिली. पारिजात, तुमच्यामुळे.

फॉर्मवर दुसरी वाट भरली. खाली "इतर विनंती" अशी एक ओळ होती, तिथे लेकीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की भावाच्या पहिल्या दिवशी तिला आधी त्याच्या फाटकापर्यंत जायचं आहे आणि ती शाळेत उशिरा येईल. ऑफिसातल्या बाईंनी ते वाचलं, आत गेल्या, आणि तिच्या वर्गशिक्षिकेची सही घेऊन परत आल्या. त्या दिवशी तिची हजेरी दहाला लागणार आहे.