मदत हवी आहे: सगळे रिसेप्टर भरले, तरी परिणाम अर्धाच कसा?

नमस्कार मंडळी,

फार्मसीला आहे, परीक्षा तोंडावर आलीये आणि फार्माकॉलॉजीत एकाच जागी गाडी रुतली आहे.

कुलूप-किल्लीची उपमा डोक्यात पक्की बसली आहे. रिसेप्टर, म्हणजे पेशीवर औषध जिथे बसतं ती जागा, हे कुलूप. अगोनिस्ट म्हणजे कुलपात जाऊन फिरणारी किल्ली. अँटॅगोनिस्ट म्हणजे आत जाते पण फिरत नाही, वर खऱ्या किल्लीची जागा अडवते. मॉर्फिन (अगोनिस्ट) आणि नॅलॉक्सोन (अँटॅगोनिस्ट) यांच्यापुरतं ते जमतं. पण मग ब्युप्रेनॉर्फिन येतं. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची औषधं, ज्यावर बसतात त्याच म्यू रिसेप्टरवर ते मॉर्फिनपेक्षा घट्ट बसतं, तरी श्वास मंदावण्याचा परिणाम एका पातळीच्या पुढे वाढत नाही. म्हणजे किल्ली अर्धीच फिरते? अर्धवट उघडलेलं कुलूप मी तरी पाहिलेलं नाही.

त्याहून विचित्र म्हणजे ओपिऑइडची सवय जडलेल्या माणसाला हेच दिलं तर विथड्रॉअल, म्हणजे औषध तुटल्यावर होणारा त्रास, सुरू होऊ शकतो. अगोनिस्ट देऊन विथड्रॉअल?

सूत्रं पाठ आहेत, समजलेलं नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

चूक उपमेतच आहे. कुलूप किल्लीची वाट पाहत गप्प बसतं, रिसेप्टर तसा बसत नाही. ते प्रथिन आहे. सतत हलत असतं, चालू आणि बंद अशा दोन आकारांत ये-जा करत असतं. औषध त्यातल्या एका आकाराला जास्त पसंत करतं, इतकंच. पूर्ण अगोनिस्टला चालू आकार फार आवडतो, म्हणून पारडं तिकडे झुकतं. अँटॅगोनिस्टला दोन्ही सारखेच. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या पार्शल (अंशतः) अगोनिस्टचा ओढा चालू आकाराकडे असतो, पण थोडाच. त्यामुळे सगळे रिसेप्टर भरले तरी कुठल्याही क्षणी त्यातले काहीच चालू असतात. अर्धवट उघडलेलं कुलूप एकही नाही; उघडी थोडी, बंद बाकीची.

(बंद आकाराकडे ओढणारीही औषधं असतात, इन्व्हर्स अगोनिस्ट. ॲलर्जीच्या कित्येक अँटिहिस्टामिन गोळ्या त्यातल्याच.)

किती घट्ट बसतं ती ॲफिनिटी. बसल्यावर काय घडवतं ती एफिकसी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही करार नाही. फार्माकॉलॉजिस्ट क्लार्कने 1926 च्या सुमारास मांडलं होतं की जितके रिसेप्टर भरले तितका परिणाम. अरिएन्सने 1954 मध्ये आणि स्टीफन्सनने 1956 मध्ये ही गाठ सोडवली. तुम्ही अजून क्लार्कपाशी थांबला आहात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता विथड्रॉअल. सोयीसाठी धरा, पूर्ण अगोनिस्टचा परिणाम 100, पार्शलचा 40. औषध न घेणाऱ्याला पार्शल दिलं, तर तो 0 वरून 40 ला चढला. पण 90 वर असलेल्याला दिलं, तर घट्ट बसणारं औषध आधीच्याला हुसकावणार आणि तो 40 वर कोसळणार. औषध तेच. एकाला दिलं, दुसऱ्याचं काढून घेतलं.

मूळ प्रश्नकर्ता

90 वरून 40! हे कुणी आधी का नाही सांगितलं.

मग आणखी एक. फिनॉक्सिबेन्झामिन हा अँटॅगोनिस्ट ॲड्रेनॅलिनच्या अल्फा रिसेप्टरला कायमचा चिकटतो, म्हणजे अगोनिस्टचा डोस कितीही वाढवला तरी डोस-परिणाम कर्व्हचं शिखर खालीच यायला हवं. पण अशा अँटॅगोनिस्टच्या एका आकृतीत कमी मात्रेला कर्व्ह नुसता उजवीकडे सरकलाय, शिखर जागच्या जागी. हे तर स्पर्धात्मक, म्हणजे जास्त अगोनिस्ट ओतून हुसकावता येणाऱ्या, अँटॅगोनिस्टसारखं दिसतं. आकृती चुकली आहे का?

प्रतिसाद

आकृती बरोबर आहे. राखीव रिसेप्टर म्हणतात ते हेच. आकडे मनचे घेतो: पेशीवर 1000 रिसेप्टर आहेत आणि पूर्ण परिणामाला 100 भरले की पुरतं. म्हणजे 10 टक्के भरायचे. तुमच्या पाठ सूत्राप्रमाणे (भरलेला हिस्सा = औषध ÷ (औषध + केडी); केडी म्हणजे निम्मे रिसेप्टर भरणारी मात्रा) त्याला केडीच्या नवव्या हिश्शाइतकं औषध लागतं. आता 800 कायमचे बाद केले. उरले 200, गरज अजूनही 100 चीच. म्हणजे 50 टक्के भरायला हवेत, त्याला बरोबर केडीइतकं औषध. डोस 9 पट वाढला, शिखर शाबूत. 950 बाद केले की उरतात 50. मग औषध ओतत बसा, शंभर जमणार नाहीत.

म्हणून नुसता उजवीकडे सरकलेला कर्व्ह बघून 'स्पर्धात्मक' असं लिहून मोकळं होऊ नका. अँटॅगोनिस्टची मात्रा वाढवत न्या आणि शिखर कधी ढासळतं ते बघा.

मूळ प्रश्नकर्ता

आत्ता पुस्तक उघडून पाहिलं. त्याच आकृतीत चौथी रेघ आहे, सगळ्यात जास्त मात्रेची, आणि ती खाली बसलेली आहे. इतके दिवस मी ती छपाईतली चूक समजत होतो.