लाईट बिल, दोन क्रेडिट कार्डं आणि हातात ३,२००: आधी काय भरायचं?

(सोलापूरकरांची चर्चा. बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याचा भाग लिहिला आहे.)

साखर पेठ
कारखान्यात टॉवेलचं काम कमी झालंय. घरात दोघांचे मिळून महिन्याला २०,५०० येतात. भाडं ५,५००, किराणा-दूध ७,०००, गॅस ९००, लाईट १,३००, पोरांची फी-रिक्षा २,०००, रिचार्ज ६००. उरतात ३,२००. एका कार्डावर ८४,००० आहेत, मिनिमम (महिन्याला किमान भरायची रक्कम) ४,२००. दुसऱ्यावर २३,०००, मिनिमम १,१५०. शिवाय लाईटची मागची बाकी ४,१०० आहे, ती वेगळी. अजून एकही ड्यू डेट चुकलेली नाही, पण या महिन्यात चुकणार. ओळखीतला एक जण महिना पाच टक्क्यांनी रक्कम द्यायला तयार आहे. ती घेऊन दोन्ही कार्डं मिटवावीत का?

कन्ना चौक
अक्का, ते पाच टक्के आधी डोक्यातून काढा. १,०७,००० वर महिना पाच टक्के म्हणजे ५,३५०. तुमच्या दोन्ही कार्डांचा मिनिमम मिळून तेवढाच होतो. फरक एवढाच की कार्डाच्या मिनिममात थोडं तरी मुद्दल फिटतं, इथे एक रुपयाही फिटत नाही. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. कोरा चेक किंवा कोरा स्टँप पेपर मागितला तर सही अजिबात करू नका.

भाडं, किराणा, लाईट, पोरांची फी हे आधी. कार्ड त्याच्या मागे, मग बँकेचा फोन कितीही आला तरी. कार्ड थकलं तर व्याज वाढतं आणि सिबिल (कर्जफेडीची नोंद) बिघडतं. लाईट तुटली तर घर त्याच दिवशी अडतं, आणि पुन्हा जोडणीचा आकार वेगळा भरावा लागतो.

लाईटच्या बाकीचं: वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ते १५ दिवस संपायच्या आत तुमच्या उपविभागाच्या ऑफिसात अर्ज द्या: १२ अंकी ग्राहक क्रमांक, बाकी किती, आज किती भरणार, उरलेले किती हप्त्यांत. हजार रुपये जागेवर भरायची तयारी असली की हप्ते मिळणं सोपं जातं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. मीटर घरमालकाच्या नावावर असेल तर त्यांची सही लागू शकते. मंजूर झालेल्या हप्त्याबरोबर चालू बिलही भरावंच लागतं. बहुतेकांची सवलत इथेच मोडते.

आणि "आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज एखाद्या साध्या मोबाईल नंबरवरून आला असेल तर तो फसवणुकीचा. फोन करू नका. खात्री करायची तर १९१२ ला लावा.

सात रस्ता
कार्डाचा हिशेब मांडतो. महिना ३.५ टक्के धरला तर ८४,००० वर व्याज २,९४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५२९. झाले ३,४६९. तुम्ही ४,२०० भरता, त्यातले जेमतेम ७३० मुद्दलात जातात. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज त्या कार्डावर ५०० चा किराणा घेतला तर व्याज आजपासूनच. म्हणून दोन्ही कार्डं ॲपमधून आत्ताच लॉक करून ठेवा. रिचार्ज, ओटीटी, विमा असं काही त्यावर आपोआप कापलं जात असेल तर तेही काढा. कार्डावरून रोख तर कधीच उचलू नका.

आता मार्ग. ड्यू डेटच्या आधी बँकेला सांगून पूर्ण बाकी हप्त्यांत बदलून मागा. खातं एकदा थकलं की बहुतेक बँका ही सोय देत नाहीत, म्हणून उशीर नको. समजा वार्षिक १६ टक्के लावले:

२४ महिने: हप्ता ४,११३, पहिल्या महिन्यात व्याजावरचा जीएसटी २०२
३६ महिने: हप्ता २,९५३, जीएसटी तेवढाच

म्हणजे मिनिमममध्ये जेवढी जाते जवळपास तेवढ्याच रकमेत दोन वर्षांत कार्ड संपतं. दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडीचा आकार लेखी मागा, फोनवरच्या "हो मॅडम" ला किंमत नाही. ईमेल साधा ठेवा: "उत्पन्न कमी झाले आहे. नवीन खर्च बंद केला आहे. दरमहा ३,१५५ रुपये भरू शकते. थकबाकी ३६ महिन्यांच्या हप्त्यांत बदलून द्यावी व अटी लेखी कळवाव्यात." जेवढं खरंच झेपतं तोच आकडा लिहा. हा हप्ता पुढे दर महिन्याच्या मिनिमममध्ये पूर्ण धरला जातो, चुकला की लेट फी आणि जुना दर परत लागतो.

भवानी पेठ
सात रस्तावाल्यांचं गणित बरोबर आहे, पण ३६ महिन्यांचा हप्ता आणि जीएसटी मिळून ३,१५५ एका कार्डातच गेले तर हातात ४५ रुपये राहतात. दुसरं कार्ड आणि लाईटची बाकी कशातून?

घरात थोडं सोनं असेल तर सरकारी बँकेत सोनेतारण करा. २३,००० चं कार्ड आणि लाईटचे ४,१०० मिळून २७,१०० लागतात, आजच्या भावात अर्ध्या तोळ्यावर एवढं मिळतं. वर्षाला १० टक्के धरले तर महिन्याचं व्याज २२६. त्याच २३,००० वर कार्ड जीएसटीसह ९५० घेतंय. मोठ्या कार्डाचे ३,१५५ आणि सोनेतारणाचं व्याज मिळून ३,३८१ होतात, १८१ कमी पडतात, ते रिचार्जमधून काढा. वर्षअखेर नूतनीकरणाची तारीख चुकली तर दागिना लिलावात जाऊ शकतो, म्हणून जमेल तेव्हा पाचशे-हजार मुद्दलात टाकत राहा. आणि लहान कार्ड फेडल्यावर ते लेखी अर्जाने बंद करा. बाकी शून्य असेल तर बँकेने ७ कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं.

सोनं नसेल तर लाईटला हप्ते, मोठं कार्ड ईएमआयवर, आणि लहान कार्ड थकणार हे समजून घ्या. ९० दिवसांनी ते एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं. पुढे बँक सेटलमेंट देऊ करेल. त्यात रक्कम कमी होते, पण सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा बसतो आणि नवं कर्ज मिळणं अवघड जातं. पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि दिलेला पैसा कार्डाच्या खात्यातच भरा, एजंटच्या नंबरवर नाही.

पगाराचं खातं त्याच बँकेत आहे का तेही बघा. थकबाकी झाली की बँक त्या खात्यातली रक्कम अडवू शकते, मग भाड्याचे पैसेच अडकतात.

साखर पेठ
अर्ध्या तोळ्याच्या रिंगा आहेत. पण बँकेने ईएमआय नाकारला आणि वसुलीवाले घरमालकाकडे गेले तर? जेलची भीती घालतात म्हणे.

कन्ना चौक
कार्ड थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. चेक किंवा बँकेची ऑटो-डेबिट सूचना पैसे नसल्यामुळे परत गेली तर मात्र फौजदारी केस होऊ शकते, म्हणून वसुलीवाल्याला पुढच्या तारखेचे चेक लिहून देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही, चारचौघांत अपमान किंवा धमकीही नाही. फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८.

लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, जा आणि हप्ते मागा. पण तिथे ठरलेल्या तडजोडीवर अपील नसतं. जमणार नाही त्या रकमेवर सही करू नका. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. जाताना दोन्ही कार्डांची शेवटची तीन स्टेटमेंट आणि ती वही बरोबर न्या.