डेकला परमिट लागतं का? (शिकागोजवळ, नेपरविल)

नवा_नेपरविलकर: नमस्कार मंडळी. घरामागे 12 बाय 16 फुटांचा लाकडी डेक बांधायचाय. स्वयंपाकघराच्या सरकत्या दारातून थेट त्यावर पाऊल, जमिनीपासून उंची साधारण 4 फूट. हँडीमन म्हणतो, "200 चौरस फुटांच्या आत आहे, परमिट नको." हिशोबाने 192 भरतात खरे. पण गणपतीत आरतीला तीस-पस्तीस माणसं त्यावर उभी राहणार, म्हणून धास्ती वाटते.

जुना_शॉमबर्गकर: अहो, त्याने तुम्हाला नियमाचा पाव भाग सांगितला! आयआरसी या मॉडेल कोडात (घरबांधणीची नमुना नियमावली, गावं तीच आधाराला घेतात) सूट आहे, पण चार अटी एकदम पाळल्या तर: 200 चौरस फुटांच्या आत, जमिनीपासून 30 इंचांपेक्षा उंच नाही, घराला जोडलेला नाही आणि घराच्या मुख्य सुटकेच्या दारापुढे नाही. तुमचा उंचीतच नापास. शिवाय गावागावाचे नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा आधी गावाच्या बिल्डिंग विभागाला फोन.

मी 2006 मध्ये स्वतः ठोकाठोक केली होती. इन्स्पेक्टर डेकवर चढलाच नाही. टॉर्च घेऊन खाली वाकला आणि लेजर बोर्ड बघून मान हलवली. घराच्या भिंतीला लागून असते ती फळी; जवळजवळ अर्धा डेक तिच्यावर टेकलेला असतो. मी ती नुसत्या खिळ्यांनी मारली होती. डेक घरापासून ओढला गेला की खिळे सरळ निसटतात. तिथे अर्ध्या इंची लॅग स्क्रू (लाकडात पिळून बसवायचे जाड स्क्रू) किंवा बोल्ट लागतात, वर फ्लॅशिंगचा पत्रा, नाहीतर पाणी मुरून आतलं लाकूड कुजतं. सगळं उचकटून परत केलं. बायको अजून ऐकवते.

भिंतीला नुसता विटांचा मुलामा असेल तर त्यावर लेजर चालत नाही. घराच्या बाजूलाही वेगळे खांब द्यावे लागतात. आपल्याकडे फुटिंग, म्हणजे खांबांखालचा काँक्रीटचा पाया, 42 इंच खोल. थंडीत ओली माती गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलते. खणण्याआधी 811 ला फोन करा, गॅसची लाइन कुठे आहे ते फुकट आखून देतात. आणि इन्स्पेक्टरने खड्डे तपासल्याशिवाय काँक्रीट ओतू नका.

मीनल_ऑरोरा: 2003 मध्ये शिकागोच्या लिंकन पार्क भागात पार्टी चालू असताना लाकडी पोर्च कोसळून 13 जण गेले, त्यामुळे गर्दीची धास्ती बरोबरच आहे. कोड माणसांचा वगैरे भार चौरस फुटाला 40 पौंड धरतो. तुमच्या 192 चौरस फुटांना 7,680 पौंड. पस्तीस माणसं 160 पौंडांनी 5,600. बसतं, पण आरतीला सगळे एकाच कोपऱ्यात दाटतात, ते डिझाइन करणाऱ्याला सांगा. कठडा किमान 36 इंच, आणि गजांमधून 4 इंची चेंडू जाता कामा नये. रांगतं पोर असेल तर का, ते कळेलच.

नवा_नेपरविलकर: धन्यवाद. विटा फक्त पुढच्या बाजूला आहेत, मागे साइडिंग (भिंतीवरच्या पट्ट्यांचं आवरण), म्हणजे लेजर चालेल. हँडीमनला परमिटचं सांगितलं तर म्हणाला, "मग दुसरा माणूस बघा." बघतोय. यंदाची आरती घरातच.