गडग्यातल्या गांधीलमाश्या गणपतीच्या आधी कशा घालवायच्या?

परसदार_कुडाळ

नमस्कार मंडळी. आमचं घर कुडाळच्या बाजूला एका वाडीत आहे, आई आणि काका तिथे असतात, आम्ही डोंबिवलीला. गणपतीला सगळं खटलं जमतं आणि त्यात बारकी पोरं भरपूर. परसदारी विहिरीकडे जाणाऱ्या पाणंदीला जुना दगडी गडगा आहे, त्याच्या बुडाशी एक भोक आहे (घुशीचं असावं) आणि त्यातून यंदा मोठ्या गांधीलमाश्यांची सारखी ये-जा चालू आहे. काळ्या कुळकुळीत, पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा, बोटाच्या पेराएवढ्या. याशिवाय पडवीत वाशाला उलट्या छत्रीसारखं छोटं पोळं लटकलंय, त्यावर बारीक तांबूस माश्या बसलेल्या असतात, त्या वेगळ्याच वाटतात.

आईला परवा जास्वंदीची फुलं काढताना मनगटावर चावली, जास्वंद गडग्याला टेकूनच आहे. दुसऱ्या दिवशी सूज कोपरापर्यंत गेली, तिने चुना लावला आणि कुणाला सांगितलंही नाही, मला फोनवर काकांकडून कळलं. काका म्हणतात रात्री चूड पेटवून भोकात घालतो, शेजारचे म्हणतात सिमेंटने भोक लिंपून टाका आत मरतील. मला दोन्ही पटत नाही पण दुसरं काय करायचं तेही माहीत नाही. विहीर जवळच आहे, प्यायचं पाणी तेच, आत मासेही आहेत. काय औषध मारायचं, कोणाला बोलवायचं, आणि आईच्या हाताचं काही टेन्शन घ्यायचं का?

फवारणीवाला

पेस्ट कंट्रोलचं काम करतो, रत्नागिरी साईडला. भोक लिंपू नका ही पहिली गोष्ट. आत पोळं भरलेलं असतं, त्या मरत नाहीत, माती उकरून दुसरीकडून वाट काढतात आणि ती वाट कुठे निघेल ते तुमच्या हातात नाही. गडग्यात ठीक आहे, पण घराच्या भिंतीतल्या फटीत पोळं असताना कोणी बाहेरून प्लास्टर मारलं तर त्या आतल्या खोलीत निघतात, असली कामं आम्हाला दर पावसाळ्यात येतात.

काम रात्रीच करायचं, पूर्ण काळोख पडल्यावर, कारण तेव्हा सगळ्या आत असतात. दिवसा मारलं तर अर्ध्या बाहेर फिरायला गेलेल्या असतात, त्या परत आल्या की घर मोडलेलं बघून तिथेच घिरट्या घालतात आणि सकाळी जो कोणी कळशी घेऊन जाईल त्याला धरतात. आदल्या संध्याकाळी लांबून नुसतं बघून ठेवायचं की भोक एकच आहे की दोन, कारण गडग्याच्या पलीकडच्या अंगाला दुसरं तोंड असलं की तुम्ही एकीकडे पावडर मारताय आणि त्या मागून येतायत. बघताना भोकाच्या समोर, त्यांच्या उडायच्या रेषेत उभं राहू नका, बाजूने बघा.

भोकात फवारा नाही, पावडर चांगली. डेल्टामेथ्रिन किंवा त्याच गटातलं काहीतरी, डस्टरने (पावडर फुंकायच्या पिचकारीने) आत फुंकायचं, येता-जाता त्यांच्या अंगाला लागतं आणि त्याच आत घेऊन जातात. पण हे औषध माशांना फार जहाल. विहिरीतले मासे म्हणालात म्हणून सांगतो, पातळ करून बादलीने ओतायचं नाही, पाऊस पडत असताना मारायचं नाही, डस्टर विहिरीवर धुवायचा नाही. बॅटरीचा उजेड थेट भोकावर मारू नका, उजेडावर येतात. लाल जिलेटिन कागद लावा काचेवर, लाल रंग त्यांना नीट दिसत नाही. आणि बॅटरी हातात धरण्यापेक्षा बाजूला दगडावर ठेवा.

सगळं वाचून तुम्ही स्वतः करायला जाल म्हणून आत्ताच सांगतो, मोठ्या जातीला स्वतः हात लावू नका. जाळीची टोपी, जाड कपडे, गमबूट, हातमोजे हे सगळं असलेला माणूस बोलवा. कुडाळ-सावंतवाडीत कोणी ना कोणी मिळेल. रेट आधी विचारून घ्या आणि कुठलं औषध मारणार तेही विचारा, सांगत नसेल तर दुसरा बघा.

माडाचो_राजा

काय राव एवढ्याशा माशीला एवढा खटाटोप!! आमच्या आजोबांनी आयुष्यभर रॉकेल ओतून काडी लावली, दुसऱ्या दिवशी पोळं साफ. काका बरोबर बोलतायत.

फवारणीवाला

आजोबांच्या वेळी रेशनवर रॉकेल मिळायचं, आता ते आणणार कुठून, म्हणजे लोक पेट्रोल ओततात. विहिरीशेजारी जमिनीत पेट्रोल ओतलं तर माश्या मरतील, पण पाण्याला जो वास लागेल तो कोण काढणार? आणि चूड म्हणजे पेटलेलं झावळ हातात. आत धूर गेला की त्या उजेडाकडे, म्हणजे चूड धरलेल्या माणसाकडेच येतात, तो घाबरून चूड टाकून पळतो, जवळ गवताची उडवी नाहीतर खोपटं असतंच. कौलारू घरात वाशाखाली तर आग नेऊच नका. अजून एक, बेगॉन-हिटचा डबा आणि पेटतं काहीही एकत्र नको, त्यातला गॅस पेट घेतो.

रानवाटा_पुणे

वर्णनावरून तुमची मोठी काळी जात म्हणजे वेस्पा ट्रॉपिका. आणि पडवीतली छत्री ही बहुतेक रोपालिडिया, कागदी पोळं करणारी छोटी गांधीलमाशी. तुमच्या फाटकाचं, वाशाचं जुनं उन्हापावसाने पांढरं पडलेलं लाकूड कुरतडून ते थुंकीत मळून त्या हा कागद करतात, दुपारी शांत बसलात तर फाटकावर त्यांचा करकर आवाजसुद्धा येतो.

आता गंमत अशी की तुमच्या घरातल्या या दोन जातींचा एकमेकींशी संबंध आहे. मोठी काळी जी आहे ती मुख्यतः या छोट्यांच्या पोळ्यांवरच डल्ला मारते. एकटीच येते, छत्रीवर बसते, छोट्या सगळ्या भांडण न करता उडून बाजूला भिंतीवर जाऊन बसतात, आणि ही निवांतपणे एकेक कप्पा उघडून अळ्या ओढून नेते. मी माझ्या मामाकडे दापोलीला हे होताना पाहिलंय, तिच्या जबड्यात पांढरी अळी लोळागोळा करून धरलेली आणि एवढ्या मोठ्या पोळ्यातल्या बायका नुसत्या बघतायत. म्हणजे पडवीत, गोठ्यात, न्हाणीच्या छपराखाली जितक्या छत्र्या तितकं मोठीला घराजवळ खाणं. मोठीचं पोळं काढून छत्र्या तशाच ठेवल्या तर पुढच्या पावसात दुसरी राणी आसपास घर शोधणारच.

पण सगळ्या छत्र्या मारा असं मी म्हणणार नाही. छोटी गांधीलमाशी भाजीवरच्या अळ्या खाते, परसात वांगी-भेंडी असेल तर ती तुमच्याच कामाची आहे. डोक्यावर, दाराच्या चौकटीला, झोपाळ्याच्या वर असेल ती काढा, गोठ्याच्या मागच्या टोकाला असेल तिला राहू द्या. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये राघवेंद्र गदगकरांनी याच रोपालिडिया मार्जिनाटावर कितीतरी दशकं काम केलंय, त्यात राणी सगळ्यात शांत, कोणावर दादागिरी नाही, ती गेली की तिच्या जागी कोण येणार हे बाकीच्यांना जणू आधीच ठरलेलं असतं. हे वाचल्यापासून मला छत्रीवर झाडू मारवत नाही, पण ते माझं झालं.

सिस्टर_ग्रामीण

आईंच्या हाताबद्दल. सूज कोपरापर्यंत जाणं दिसायला भयंकर पण फक्त त्याच हाताला असेल आणि आता उतरत असेल तर ती जागेवरचीच रिअॅक्शन, जास्त करून दुसऱ्या दिवशी वाढते मग हळूहळू जाते. सूज उतरायच्या ऐवजी लाल गरम होऊन दुखायला लागली किंवा ताप आला तर दाखवा, जंतुसंसर्ग असू शकतो. चुना नको हो, आधीच सुजलेली कातडी भाजते. साबणाने धुवायचं, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवायचा, आणि चावल्या चावल्या बांगड्या-अंगठी काढायची. आमच्याकडे सुजलेल्या बोटातली अंगठी कापायची वेळ येते ते याच्यामुळे. काटा काढायला पिळत बसू नका, मधमाशीचा काटा राहतो तो लगेच काढायचा असतो, गांधीलमाशीचा राहत नाही, ती तीच नांगी परत परत मारते.

धोका कशात ते मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. चावली हाताला आणि पित्त उठलं अंगभर, ओठ जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलटी झाली, चक्कर आली, तर ही अॅलर्जी आहे आणि ती मिनिटांत वाढते. घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा किंवा जी गाडी असेल ती काढून हॉस्पिटलला न्या, तिथे मांडीत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन देतात. चक्कर येत असेल तर आडवं झोपवा, पाय वर करा, उठवून चालवत नेऊ नका. आईंना यापूर्वी कधी असं काही झालं असेल तर त्यांनी गडग्याकडे फिरकूच नये. आणि अॅलर्जी नसली तरी एकाच वेळी पुष्कळ चावल्या, विशेषतः लहान मुलाला, तर तो बरा दिसला तरी अॅडमिट करा. विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, ते सगळं किडनीवर येतं, लघवी कमी होते किंवा कोळशाच्या पाण्यासारखी काळपट होते, आणि हे लगेच नाही, नंतर होतं. लोक दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि मग येतात.

घाटावरचा

ग्रासकटर!! कोणीच बोललं नाही. गणपतीच्या आधी सगळीकडे पाणंदी साफ करायला ग्रासकटरवाला येतो, त्याला माहीत नसतं गडग्यात काय आहे, मशीनचा हादरा जमिनीतून पोळ्यापर्यंत जातो आणि कानावर आवाज असल्याने त्याला त्या आल्यात हे चावल्यावरच कळतं. आमच्या गावात याच्यामुळे माणूस मरता मरता वाचला. आधी त्याला थांबवा, मग औषधाचं बघा. आणि एक चावली तर तिथेच हातावर चिरडू नका, चिरडली की त्या वासाने बाकीच्या येतात. हात न झाडता सरळ लांब निघून जायचं, घरात शिरून दार लावायचं, विहिरीत उडी वगैरे सिनेमात.

जर्सीकर

आमच्याकडे न्यू जर्सीत यलोजॅकेट (तिकडच्या पिवळ्या-काळ्या गांधीलमाश्या) जमिनीत असंच घर करतात, इथे लांबूनच पिचकारी जाईल असे डबे मिळतात. पण मी लिहितोय ते वेगळ्यासाठी, यूट्यूबवर बरेच अमेरिकन व्हिडिओ सांगतात की काही करू नका थंडीत पोळं आपोआप मरतं. ते इथलं आहे, इथे बर्फ पडला की नवीन राण्या सोडून सगळं संपतं. कोकणात कसली थंडी, त्या भरवशावर दिवाळीपर्यंत थांबू नका. साखरपाण्याच्या बाटलीचा ट्रॅप पण दाखवतात, त्यात थोड्या पडतात, पोळं काही संपत नाही आणि मधमाश्याही मरतात.

परसदार_कुडाळ

सगळ्यांचे खूप आभार. ग्रासकटरवाला शनिवारी येणार होता, त्याला फोन करून पाणंद सोडून बाकीचं काप म्हटलंय. आई बरी आहे, सूज उतरली, पित्त वगैरे काही उठलं नव्हतं. काकांना सिस्टरताईंचं वाचून दाखवलं तर चूडीचं नाव काढत नाहीत, पण फवारणीवाल्याला पैसे कशाला हे चालूच आहे. सावंतवाडीचा एकजण मिळालाय, पावडरच मारतो म्हणाला, पाऊस उघडला की येईल. तोवर जास्वंदीकडे जायला दोरी बांधून वाट बंद केली. दोन गोष्टी राहिल्या, मेलेल्या माश्यांचं काय करायचं, आमच्या कोंबड्या दिवसभर परसातच असतात. आणि गणपतीच्या खोलीच्या खिडकीला मातीची बोटभर लांब घरं चिकटलीयत, तीही यांचीच का?

फवारणीवाला

कोंबड्या कोंडून ठेवा, मेलेल्या अळ्या-माश्या त्या टिपतात आणि त्यात औषध असतं. सकाळी चिमट्याने गोळा करून खोल पुरा, विहिरीपासून लांब. एक-दोन दिवस ये-जा पूर्ण थांबलीय याची खात्री झाल्यावर मग पोळं उकरून काढा आणि आता खुशाल दगड-सिमेंटने भोक बुजवा, घुशीचं बीळ उघडं ठेवलं तर पुढच्या वर्षी कोणीतरी येईलच.

रानवाटा_पुणे

मातीची घरं म्हणजे कुंभारीण. एकटी राहते, आत कोळी किंवा अळ्या बधिर करून भरून ठेवते पिल्लांसाठी, माणसाच्या वाटेला जात नाही. भोक पडलेलं घर रिकामं असतं, ते कलथ्याने खरवडून टाका. बंद असेल तर गणपती होईपर्यंत राहू दिलं तरी काही बिघडत नाही, फक्त रंगारी लावणार असाल तर त्याला आधीच सांगा, तो त्याच्यावरूनच ब्रश फिरवतो.