मुलांचा 'राग' आणि रुसणे, हिरमुसणे, ओशाळणे

चार-पाच वर्षांच्या मुलाला 'काय झालं?' विचारलं की बऱ्याचदा एकच उत्तर येतं, 'मला राग आलाय'. खेळ अर्ध्यावर थांबवला तरी राग, मैत्रिणीने दुसरीला शेजारी बसवलं तरी राग, गर्दीत आई क्षणभर दिसेनाशी झाली तरी रागच. खरं तर पहिल्यात हिरमोड आहे, दुसऱ्यात हेवा आणि तिसऱ्यात निव्वळ भीती. शब्द एकच असला की मोठी माणसं औषधही एकच देतात, 'शांत हो बघू'.

म्हणून जवळजवळचे शब्द वेगळे वापरायला हवेत असं मला फार वाटतं. 'रुसणे' घ्या. परक्यावर आपण रागावतो, रुसतो मात्र आपल्याच माणसावर. रुसण्यात समजूत काढली जाण्याची अपेक्षा असतेच. त्यामुळे रागावलेल्या मुलाला थोडा वेळ एकटं सोडलं तर चालेल, रुसलेल्याला सोडलं तर ते आणखी दुखावतं. 'हिरमुसणे' याहून निराळं. काढलेलं चित्र धावत दाखवायला यावं आणि समोरच्याने मान वर न करता 'हं, छान' म्हणावं, तेव्हा पडतो तो चेहरा. तिथे समजूत नको असते, चित्र नीट बघायला हवं असतं. 'ओशाळणे'ही असंच. चूक उघडी पडल्यावर मूल हात-पाय आपटतं तेव्हा ते उद्धट झालेलं नसतं, ओशाळलेलं असतं.

लहान मुलं आधी बरं वाटणं आणि वाईट वाटणं असे दोनच ढोबळ भाग करतात, त्यातून राग, दुःख, भीती हळूहळू सुटी होतात. मानसशास्त्रज्ञ जूडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९१च्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी ज्यांच्या घरात भावनांविषयी जास्त बोलणं होई, ती मुलं सहाव्या वर्षी इतरांच्या भावना अधिक चांगल्या ओळखत असल्याचं दिसलं.

मराठीची एक सोय इथे कामी येते. आपल्याकडे राग 'येतो', भीती 'वाटते', रडू 'कोसळतं'. आलेली गोष्ट जातेही. पण आपण घाईने 'रागीट', 'भित्रा', 'रडूबाई' म्हणतो आणि तासाभराची भावना मुलाचा स्वभाव होऊन बसते. 'तू भित्रा आहेस' आणि 'तुला भीती वाटली ना?' यांतलं दुसरं वाक्य मुलाला पुढे बोलू देतं.

मात्र शब्द मुलावर लादू नये. 'हिरमुसलास का रे?' असं विचारावं आणि 'नाही, नुसतं वाईट वाटतंय' असं उत्तर आलं तर तेच खरं मानावं.

एक जागा मला अजून रिकामी वाटते. दिवसभर खेळून मित्र घरी निघाला की मुलाला जे होतं, त्याला काय म्हणावं? 'हुरहूर' मोठ्यांच्या तोंडचा, 'करमत नाही' नंतरचं. नेमक्या त्या वेळेसाठी, तीन वर्षांच्या मुलालाही म्हणता येईल असा शब्द तुमच्या घरात आहे का?