मॉरिसची नक्षी लेटरपॅडवर कशी बसवायची?

कागदवेडी:
पत्रांसाठी एक सेट करायचाय, लेटरपॅड, पाकिटं आणि एक छोटी वही. डोक्यात विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरची 'स्ट्रॉबेरी थीफ' नक्षी बसलीये, 1883 ची, पक्षी स्ट्रॉबेरी पळवतात ती. पण कार्डाच्या मापात घेतली की एकतर पक्ष्याचं मुंडकं उडतं नाहीतर सगळं इतकं बारीक होतं की नुसता गिचमिड काला दिसतो, आणि त्यावर लिहिलेलं वाचता येत नाही ते वेगळंच. थोडे सेट विकायचेत, कॉपीराइटचं काय?

शाईचोर:
पक्षी सोडा हो. ते पडद्याचं कापड, लांबून बघायचं, वॉलपेपरचा रोलसुद्धा 21 इंच रुंद असायचा आणि तुम्ही ते पंजाएवढ्या कागदात कोंबताय. 'विलो बाउ' (1887) घ्या, नुसती पानं, कुठूनही कापा तुटल्यासारखं वाटत नाही. आणि लिहायच्या कागदावर नक्षी नकोच, कडेला बारीक पट्टी पुरे. खरी मजा पाकिटाच्या आतल्या अस्तरात.

रंगारी७:
पक्षी का सोडायचे? ती नक्षी आरशासारखी आहे, पक्षी जोडीजोडीने समोरासमोर. मधली उभी रेघ वहीच्या पाठकण्यावर घ्या, एक पक्षी पुढच्या कव्हरवर एक मागच्या, वही उघडून पालथी घातली की जोडी पूर्ण. रंग मात्र सांभाळा, मूळ कापड आधी अख्खं निळीत रंगवून मग हवं तिथे निळा रंग उडवायचे आणि त्यात लाल-पिवळा भरायचे, म्हणून त्या निळ्याला खोली आहे. साध्या मॅट कागदावर तोच निळा मळकट दिसतो, आधी एक प्रिंट काढून बघाच.

जुनीपानं:
मॉरिस 1896 ला गेला, मूळ डिझाइन मोकळं आहे. पण त्याच्या नावावर खपणारं सगळं त्याचं नाही. 'हनीसकल' वॉलपेपर त्याच्या मुलीचा, मे मॉरिसचा, 'गोल्डन लिली' त्याच्या कंपनीतल्या जॉन हेन्री डर्लची. पाकिटावर नाव नीट टाका, लोक सर्रास चुकवतात. आणि म्युझियमच्या फोटोंच्या अटी वेगळ्या असतात, आजच्या कंपन्यांनी नव्याने काढलेल्या-रंगवलेल्या नक्षीवर त्यांचा हक्क असू शकतो, ती उचलू नका. स्वतः ट्रेस केलेलं सगळ्यात बरं.

शाईचोर:
पाठकण्याची आयडिया भारी, पक्ष्यांबद्दलचं माझं म्हणणं वहीपुरतं मागे. कार्डावर मात्र पानंच.

कागदवेडी:
ठरलं, वहीला पक्षी, पाकिटाला विलो. अस्तराला किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जाडी) कागद घेऊ? जाड घेतला तर पाकीट फुगेल ना?

शाईचोर:
80-90 च्या आसपास. आणि डिंक फक्त वरच्या कडेला लावा, सगळीकडे फासलात तर सुरकुत्या पडतील.